घरी गेल्यानंतरचे सहा महिने: सिगारेट सोडवणाऱ्या ॲपच्या चाचणीचा प्रकरण अभ्यास

एका मोठ्या रुग्णालयात हृदयरोग आणि छातीरोग हे दोन विभाग शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन्हीकडे दाखल होणाऱ्यांत सिगारेट ओढणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी एक समुपदेशक बाई नेमलेल्या आहेत. त्या खाटेपाशी बसून बोलतात, गरज असेल तर डॉक्टरांकडून निकोटिनचे पॅच लिहून घेतात. रुग्णाला डिस्चार्ज मिळाला की संबंध संपला. पुढे त्याने सिगारेट ओढली की नाही, हे तो पुन्हा दाखल झाला तरच कळतं.

अशात एक छोटी कंपनी ॲप घेऊन येते. सिगारेट सोडल्याला किती दिवस झाले ते त्यात दिसतं, रोज दोन-तीन संदेश येतात, आणि एक मोठं लाल बटण आहे: तलफ आली की ते दाबायचं, मग पाच मिनिटांचा श्वासाचा व्यायाम सुरू होतो. कंपनीचं म्हणणं, ‘आमच्या प्राथमिक पाहणीत निम्म्या रुग्णांनी सिगारेट सोडली.’ व्यवस्थापनाला कल्पना आवडते. डिस्चार्ज कार्डावर क्यूआर कोड छापला की काम झालं, असा सूर लागतो. छातीरोग विभागाच्या प्रमुख मॅडम मात्र अडून बसतात: आधी तपासू, मग छापू.

हे प्रकरण त्या तपासणीच्या आराखड्याचं आहे. रुग्णालय आणि त्यातली माणसं अभ्यासासाठी उभी केली आहेत, त्यांच्या तोंडचे आकडेही गृहीत धरलेले आहेत. मधे मधे ज्या संशोधनांचा उल्लेख येतो, ती मात्र खरी आणि प्रसिद्ध झालेली आहेत.

‘निम्म्या’ म्हणजे किती

पहिल्याच बैठकीत संख्याशास्त्राचे सर कंपनीच्या पाहणीचा तक्ता मागवून घेतात. ५० रुग्णांना ॲप दिलं होतं. महिन्याने विचारणा केली, तेव्हा २४ जणांनी उत्तर दिलं. त्यातले १२ म्हणाले, सोडली. निम्मे ते हे. पन्नासातले बारा म्हटलं की तेच २४ टक्के होतात, आणि उरलेल्या २६ जणांचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही.

पण समजा पन्नासच्या पन्नास जणांनी उत्तर दिलं असतं आणि खरोखर पंचवीस जणांनी सोडली असती, तरी मॅडमचा प्रश्न जागच्या जागी राहिला असता. रुग्णालयात दाखल झालेला माणूस आधीच घाबरलेला असतो. छातीत कळ येऊन गेलेली असते, किंवा रात्रभर ऑक्सिजनवर काढलेली असते. वॉर्डात ओढायला बंदी असल्यामुळे सक्तीने का होईना, चार-पाच दिवस सिगारेटविना जातात. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, म्हणजे तो अवघड टप्पा कित्येकांचा खाटेवरच पार पडतो. त्यामुळे ॲप न देताही यातले काही जण सोडणारच. ते किती, हे माहीत असल्याशिवाय ॲपच्या नावावर काय जमा करायचं?

एकदा दाखल होऊनही बहुतेक जण पुन्हा ओढू लागतात. कुठलीही मदत न घेता सिगारेट सोडायला निघालेल्यांपैकी जेमतेम ३ ते ५ टक्के लोक त्या एका प्रयत्नात सहा महिने ते वर्षभर टिकतात, आणि घसरणारे बहुतेक पहिल्या आठ-दहा दिवसांतच घसरतात. रुग्णालयातल्यांचं प्रमाण यापेक्षा बरं असतं, पण घसरण्याची जागा तीच असते: घर, गॅलरी, चहानंतरची दहा मिनिटं, जुने मित्र. ॲपची परीक्षा तिथे आहे. वॉर्डात तर पहारा ठेवायला सिस्टर असतातच.

आधी कोणी काय पाहिलं आहे

गटाने आधीचं संशोधन काढलं आणि ते वाचून सगळे थोडे गप्प झाले. कॉक्रेन ही उपचारांबद्दलच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. रुग्णालयातल्या धूम्रपानमुक्तीवरचा तिचा २०१२ चा आढावा ५० चाचण्यांवर आधारलेला होता. त्यात दिसतं की दाखल असताना सुरू केलेलं समुपदेशन घरी गेल्यावरही किमान महिनाभर चालू ठेवलं, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. वॉर्डातच सुरू होऊन वॉर्डातच संपणाऱ्या समुपदेशनाचा तसा फायदा दिसला नाही. समुपदेशक बाईंनी हे वाचून मान डोलावली. त्या आजवर करत आल्या होत्या ते नेमकं दुसऱ्या प्रकारातलं.

फोनबद्दलचा पुरावा दोन तोंडांचा आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात साध्या एसएमएस कार्यक्रमांनी चांगली कामगिरी केलेली दिसते: किमान मदत मिळालेल्यांच्या तुलनेत सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीडपट. त्याच आढाव्यात ॲपच्या पाच चाचण्या एकत्र केल्यावर दोन गटांतल्या सोडणाऱ्यांच्या प्रमाणाचं गुणोत्तर आलं बरोबर १.००, आणि त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा, ०.६६ पासून १.५२ पर्यंत. म्हणजे ॲपने फायदा होतो असं म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. चाचण्या थोड्या, माणसं थोडी. त्यानंतर २०२० मध्ये अमेरिकेत २,४१५ प्रौढांवर ‘आयकॅनक्विट’ या ॲपची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा महिन्यांनी विचारलं तेव्हा गेल्या तीस दिवसांत सिगारेट न ओढलेल्यांचं प्रमाण या ॲपच्या गटात २८ टक्के होतं, आणि तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या ॲपच्या गटात २१ टक्के. कंपनीचे प्रतिनिधी यावर खूश झाले. पण ती माणसं रुग्णालयात दाखल झालेली नव्हती, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलंच खरं धरलं होतं.

मॅडमनी बोट ठेवलं ते ‘हेल्पिंग हँड’ या अमेरिकेतल्या चाचण्यांच्या मालिकेवर. पहिली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. एकाच रुग्णालयातले ३९७ रुग्ण. निम्म्यांना डिस्चार्जनंतर स्वयंचलित फोन आणि ९० दिवसांची मोफत औषधं, उरलेल्यांना नुसता सल्ला. सहा महिन्यांनी, लाळ किंवा श्वास तपासून, २६ विरुद्ध १५ टक्के. इतका चांगला निकाल क्वचित मिळतो. मग त्याच संशोधकांनी तीच कल्पना तीन रुग्णालयांत १,३५७ रुग्णांवर राबवली. २०१६ साली निकाल आला: १७ विरुद्ध १६ टक्के. फरक गेला. पहिल्या तीन महिन्यांत मदत घेणारे पुढे होते, सहाव्या महिन्यापर्यंत दोन्ही गट जवळपास एका रेषेत आले.

या दोन ओळी कंपनीच्या दहा पानी सादरीकरणापेक्षा जास्त शिकवतात. अनुभवी गट, नीट आखलेली मदत, मोफत औषध असं सगळं असूनही दुसऱ्यांदा फरक दिसला नाही. मग आपल्या लाल बटणाकडून आपण किती अपेक्षा ठेवतोय? आणि त्यांनी तीन महिन्यांवर थांबून निकाल जाहीर केला असता तर?

कशाशी तुलना

इथे सर्वांत जास्त वाद झाला, आणि झाला ते बरं झालं.

कंपनीला तुलना ‘काहीच न देण्या’शी हवी होती. एका गटाला ॲप, दुसऱ्याला एक पत्रक. फरक मोठा दिसायला हे सोयीचं. मॅडमनी पहिल्या वाक्यालाच नकार दिला. पॅच उपयोगी पडतात हे माहीत असताना हृदयविकाराच्या रुग्णाला केवळ चाचणीसाठी ते नाकारणं कुठलीही एथिक्स कमिटी मान्य करणार नाही, आणि करूही नये. शिवाय खरा प्रश्न व्यवस्थापनाचा होता: आज आपण जे देतो त्यात ॲपची भर घातली तर आणखी काही जण सोडतील का? मग तुलनाही त्याचीच व्हायला हवी. दोन्ही गटांना खाटेवरचं समुपदेशन आणि पॅच; एका गटाला शिवाय ॲप.

‘मॅडम, असं केलं तर आमच्या ॲपचा परिणाम फारच छोटा दिसेल,’ कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले.

‘जेवढा आहे तेवढा दिसेल,’ मॅडम म्हणाल्या.

सरांनी आणखी एक गुंता काढला. ॲपच्या गटाला घरी गेल्यावर रोज कुणीतरी आठवण करतंय, दुसऱ्या गटाकडे कुणी फिरकतही नाही. फरक दिसला तर तो ॲपमधल्या व्यायामाचा, की कुणीतरी विचारतंय या भावनेचा? त्यासाठी तिसरा गट घेता येतो, ज्याला तितकेच पण सिगारेटशी संबंध नसलेले संदेश जातील. तिसरा गट म्हणजे दीडपट माणसं. बराच खल झाल्यावर तो सोडून दिला. ॲप का काम करतं हा प्रश्न ते काम करतं हे कळल्यावर विचारायचा, असं ठरलं. मला हा निर्णय पटतो, पण ज्यांना पटत नाही त्यांचंही म्हणणं रास्त आहे: फायदा नुसत्या विचारपुशीचा असेल, तर तो साध्या एसएमएसनेही मिळाला असता.

मग कोणाला काय मिळणार हे ठरवायचं कसं. अमुक वॉर्डाला ॲप, तमुक वॉर्डाला नाही, ही वाटणी सोपी दिसते; पण एका वॉर्डात हृदयरोगी आणि दुसऱ्यात दमेकरी असतील तर आजाराचा फरक ॲपच्या खात्यात जमा होतो. माणसामाणसाची वाटणी केली तर खाट नंबर सातचे काका खाट नंबर आठच्या काकांना ॲप दाखवणार, आणि तेही उतरवून घेणार. तोडगा असा निघाला की वाटणी माणसानुसारच करायची, पण ॲप प्रत्येकासाठी वेगळ्या कोडने उघडायचं, आणि तो कोड एकदाच चालेल. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे संगणक सांगेल, तेही संमतीपत्रकावर सही झाल्यानंतरच. बंद पाकिटांची जुनी पद्धत सरांनी नाकारली. पाकीट उजेडासमोर धरून आतली चिठ्ठी वाचायचे आणि ‘हे काका सोडणारे दिसतात, यांना चांगल्या गटात टाकू’ असं ठरवायचे प्रकार अनेक ठिकाणी झालेले आहेत. हेतू चांगलाच असतो, चाचणी मात्र तिथेच संपते.

खाटेपाशी

कागदावर ‘ॲप स्थापित करून देणे’ ही एक ओळ होती. समुपदेशक बाईंनी ती आठवडाभर करून पाहिली आणि बैठकीत सविस्तर सांगितली.

उजव्या हाताला सलाइनची सुई, त्यामुळे काका डाव्या हाताने फोन धरणार. चष्मा घरी राहिलेला. ईमेलचा पासवर्ड कुणाला आठवत नाही, तो मुलाने टाकून दिलेला, आणि मुलगा संध्याकाळी भेटीच्या वेळेत येणार. वॉर्डात इंटरनेट खिडकीपाशीच मिळतं. ओटीपी येईपर्यंत राउंड सुरू होतो.

‘काका, फोन तुमचाच ना?’

‘मुलीचा आहे हो. माझा साधा, बटणांचा.’

म्हणजे तलफ काकांना येणार आणि संदेश मुलीला जाणार, तेही ती कामावर असताना. पहिल्या मसुद्यात पात्रतेची अट ‘घरात स्मार्टफोन असणे’ अशी होती. ती बदलून ‘स्वतःचा स्मार्टफोन, जो रुग्ण स्वतः उघडतो’ अशी केली. बाकीच्या अटी लवकर ठरल्या: दाखल होण्याच्या आधीच्या तीस दिवसांत सिगारेट ओढलेली, शुद्धीवर, स्वतः संमती देऊ शकणारा, डिस्चार्जला एक-दोन दिवस उरलेले. ‘मला सोडायचीच आहे’ म्हणणारेच घ्यायचे की ‘बघू’ म्हणणारेही, यावर दोन मतं होती. ‘बघू’वाले घ्यायचे ठरले, कारण क्यूआर कोड त्यांच्याही कार्डावर छापला जाणार आहे.

अट घट्ट केली की निकाल अरुंद होतो. स्वतःचा स्मार्टफोन नसलेले लोक सहसा वयस्क आणि गरीब असतात. चाचणीतून त्यांना वगळल्यावर निकाल त्यांच्याबद्दल काहीच सांगणार नाही. म्हणून वगळलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची: वय, आजार, वगळण्याचं कारण, आणि व्यसनाची तीव्रता. तीव्रतेसाठी फागरस्ट्रॉम चाचणीचे सहा प्रश्न आहेत, ० ते १० गुण. त्यातला एक प्रश्न फार बोलका आहे: झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं तर तीन गुण. दोन्ही गटांत असे पाच मिनिटवाले सारखे विभागले जावेत, याची काळजी वाटणीच्या प्रोग्रॅममध्येच घेतली.

एक वैद्यकीय बाब इथेच सांगायला हवी, कारण ॲपवाल्यांच्या ती गावीही नव्हती. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालवतात, त्यामुळे थिओफिलिन, क्लोझापिन, ओलॅन्झापिन ही औषधं ओढणाऱ्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. सिगारेट सुटली की हा वेग उतरतो आणि पूर्वीचाच डोस जास्त ठरू शकतो. पॅचमधल्या निकोटिनने हे टळत नाही, कारण परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे. छातीरोग विभागात थिओफिलिन घेणारे भेटतातच. म्हणून अशी औषधं घेणाऱ्यांच्या केसपेपरवर दोन्ही गटांत ठळक नोंद करायची आणि डिस्चार्जनंतर लवकर तपासणीला बोलवायचं, असं ठरलं.

‘सोडली’ म्हणजे काय

धूम्रपानमुक्तीच्या चाचण्यांसाठी २००५ साली ‘रसेल स्टँडर्ड’ नावाचे निकष मांडले गेले, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांच्या नावाने. त्यांचा गाभा असा: किमान सहा महिने पाठपुरावा; त्या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी नाहीत; शब्दावर न थांबता शरीराची तपासणी; ज्याला ज्या गटात टाकलं त्याची मोजणी त्याच गटात; ठरलेलं पाळलं नाही अशांचाही पाठपुरावा; आणि माहिती गोळा करणाऱ्याला गट माहीत नसणं. गटाने हे जवळपास जसंच्या तसं घेतलं. अडचण आली ती तपासणीत.

रुग्णाचा शब्द का पुरेसा नाही, हे डॉक्टरांना सांगावं लागत नाही. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्या रुग्णालयातून फोन आलाय, ‘सिगारेट सुटली का?’ विचारतायत, आणि शेजारी बायको उभी आहे. ‘सोडली हो, कधीच सोडली.’ ॲपच्या गटात हा संकोच आणखी वाढतो, कारण सहा महिने ॲप ‘शाब्बास’ म्हणत आलंय.

लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन तपासता येतं. निकोटिन शरीरात मोडल्यावर ते तयार होतं आणि साधारण १६ ते २० तासांत निम्मं होतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांपूर्वीचं ओढणंही पकडता येतं. पण पॅच लावणाऱ्याच्या लाळेतही कोटिनिन असणारच. सिगारेट सोडून इमानदारीने पॅच वापरणारा माणूस इथे नापास होतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला तर पॅचचा घोळ होत नाही. पण तो काही तासांतच निम्मा होतो, आणि काल रात्री ओढून आज दुपारी फुंकणारा सुटू शकतो. चघळायच्या तंबाखूकडे वळलेला तर श्वासाच्या यंत्राला दिसतच नाही. लघवीतलं ॲनाबेसिन हा यावरचा उपाय आहे, कारण ते तंबाखूत असतं आणि पॅचमध्ये नसतं. मात्र ती तपासणी सगळीकडे होत नाही.

शेवटी ठरलं ते असं. सहा महिन्यांनी जो ‘सोडली’ म्हणेल त्याच्याकडे माणूस जाईल आणि श्वास मोजेल. पॅच सध्या वापरत नसेल तर लाळही घेईल. भेटीची वेळ आदल्या दिवशी न कळवता त्याच दिवशी सकाळी कळवायची. मुख्य निकाल एकच: तपासणीने सिद्ध झालेली, घरी गेल्यापासूनची सलग मुक्ती. पहिल्या दोन आठवड्यांची सूट दिली, कारण घरी गेल्या गेल्या एकदोनदा ओढून मग सावरणारे असतात. ‘गेल्या सात दिवसांत ओढली का’ हा प्रश्नही विचारायचा, पण त्याचं उत्तर दुय्यम.

न सापडणारी माणसं

सरांनी फळ्यावर एक हिशेब मांडला. तो मी पूर्ण देतो, कारण प्रकरणाचा कणा तोच आहे.

धरून चला, ॲपचा काडीचाही उपयोग नाही. दोन्ही गटांत हजार-हजार माणसं, आणि दोन्हीकडे खरोखर १५० जणांनी सिगारेट सोडली. सहा महिन्यांनी आपण फोन करतो. प्रथा अशी की जो सापडत नाही तो ओढतोय असं धरायचं. ॲपच्या गटाचे नंबर ताजे आहेत, नोटिफिकेशन पाठवून आठवण करता येते, रुग्णालयाशी धागा टिकलेला आहे. समजा त्या गटातल्या सोडणाऱ्यांपैकी ९० टक्के सापडले: १३५. दुसऱ्या गटाशी सहा महिने कुणी बोललेलं नाही. नंबर बदललेले, अनोळखी फोन उचलत नाहीत. तिथले ७० टक्के सापडले: १०५. अहवालात लिहिलं जाईल, १३.५ विरुद्ध १०.५ टक्के. शून्यातून तीन टक्क्यांचा फरक उभा राहिला, आणि कुणी लबाडीही केली नाही.

‘न सापडलेला ओढतोच’ हा नियम कडक दिसतो म्हणून लोक त्याला सुरक्षित समजतात. दोन्ही गटांतली गळती सारखी असेल तोवर तो सुरक्षित आहे. ॲपच्या चाचणीत ती सारखी राहण्याची शक्यता कमी, कारण ॲप हे मुळातच संपर्काचं साधन आहे.

यावरून काही गोष्टी बदलल्या. ॲपमधून पाठपुराव्याची विचारणा करायची नाही. दोन्ही गटांना त्याच माणसांनी, त्याच पद्धतीने, तितक्याच वेळा फोन करायचे. प्रत्येक रुग्णाकडून दोन नातेवाइकांचे नंबर वॉर्डातच घ्यायचे. आणि फोन करणाऱ्याला गट कळता कामा नये, म्हणून संभाषणाची सुरुवात ठरवून दिली: ‘तुमच्या फोनवर कुठलं ॲप आहे की नाही ते मला सांगू नका, मी फक्त तब्येतीचं विचारणार आहे.’ तरी काही जण सांगणारच. कुणी सांगितलं तर तशी खूण करायची. सहा महिन्यांत जे दगावतील त्यांना छेदातून वगळायचं, पण दोन्ही गटांतले मृत्यू वेगळे छापायचे. हृदय आणि फुप्फुसाच्या वॉर्डात ही तरतूद नुसती कागदावर राहणार नाही.

याच बैठकीत ॲपमधल्या वापराच्या नोंदींचा विषय निघाला. कंपनीकडे प्रत्येक क्लिकचा हिशेब असतो, आणि ‘ज्यांनी ॲप रोज उघडलं त्यांच्यात सोडणाऱ्यांचं प्रमाण तिप्पट’ अशी वाक्यं त्यातून सहज तयार होतात. पण पुन्हा ओढू लागलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? ॲप काढून टाकतो. रोज सकाळी ‘१ दिवस’ असा आकडा कोण बघत बसेल! म्हणजे ॲप वापरलं म्हणून सिगारेट सुटली, की सुटली म्हणून वापरत राहिला, हे त्या नोंदींवरून कळत नाही. वापराचे आकडे छापायला हरकत नाही. त्यावरून परिणामाचा निष्कर्ष काढायचा नाही, हे आराखड्यात लिहून टाकलं.

किती माणसं, किती काळ

कंपनीची सूचना होती, दोन्ही मिळून अडीचशे रुग्ण. सरांनी गणित करून दाखवलं. ‘हेल्पिंग हँड’च्या दोन्ही चाचण्यांत तुलना गटातले १५-१६ टक्के लोक सहा महिन्यांनी सुटलेले होते. आपल्याकडे १५ धरू. ॲपने हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३० टक्के होत असेल, तर तो फरक पकडायला प्रत्येक गटात १२१ माणसं पुरतात (नेहमीची पातळी: ५ टक्के सार्थकता, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता ५ टक्के; ८० टक्के क्षमता, म्हणजे फरक असताना तो पकडण्याची शक्यता ८० टक्के). २५ टक्के होत असेल तर २५०. आणि १५ चे २० होत असतील, तर प्रत्येक गटात ९०६.

दुप्पट होईल असं मानायला आधार नव्हता. पाच टक्क्यांचा फरक मात्र अगदी किरकोळ नाही. ॲप हजारोंना देता येतं, शंभरात पाच जास्त सुटले तरी ते मोठं काम. म्हणून १,८१२ रुग्ण. महिन्याला पन्नास पात्र रुग्ण मिळाले तर भरतीलाच तीन वर्षं लागतील. तोवर ॲपचं नवं रूप येईल, फोनची प्रणाली दोनदा बदलेल, आणि निकाल एका जुन्या वस्तूबद्दलचा ठरेल. ॲपच्या चाचण्यांचं हे कायमचं दुखणं आहे. गोळी तीन वर्षांत बदलत नाही, ॲप तीन आठवड्यांत बदलतं. आणखी तीन रुग्णालयांना सोबत घेऊन भरतीचा काळ नऊ-दहा महिन्यांवर आणला. त्या काळात ॲपमधले बिघाड दुरुस्त करायला परवानगी, नवं काही घालायला मनाई, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद.

मग खर्चाची फेरमांडणी झाली. मूळ अंदाजात सर्वांत मोठा आकडा ॲपच्या नव्या सजावटीचा होता आणि पाठपुराव्याला अर्धवेळ एक माणूस. आता सजावट गेली, आणि फोन करणारे व घरी जाऊन श्वास मोजणारे मिळून सहा जण आले. कंपनीला हे आवडलं नाही. त्याहून न आवडलेलं कलम म्हणजे निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध होणार, आणि विश्लेषण रुग्णालयाकडे राहणार. चाचणी पहिल्या रुग्णाच्या आधी सार्वजनिक नोंदणीत घालायची होती, मुख्य निकालाच्या व्याख्येसकट, म्हणजे नंतर सहा महिन्यांचे तीन महिने करता येणार नाहीत. दोन आठवडे पत्रव्यवहार चालला, शेवटी सही झाली.

व्यवस्थापनाचा एक प्रश्न राहिला होता: तोपर्यंत बाकीच्या वॉर्डांत ॲप द्यायला काय हरकत? हरकत ही की रुग्ण वॉर्ड बदलतात आणि नातेवाईक बोलतात. तुलना गट महिन्याभरात विरघळला असता. भरती संपेपर्यंत क्यूआर कोड कुठेही छापायचा नाही, असं लेखी ठरलं.

समुपदेशक बाईंनी शेवटी आपली वही पुढे केली. वगळलेल्यांची यादी आताच दोन पानं झाली होती, त्यातले बहुतेक बटणांचे फोनवाले. ‘यांना ॲप नाही, ठीक. पण घरी गेल्यावर महिनाभर यांना फोन कोण करणार?’ कॉक्रेनचा तो आढावा तिथेच टेबलावर होता, त्यामुळे वाद घालायला फारशी जागा नव्हती. त्यांच्यासाठी चाचणीबाहेर आठवड्याला एक फोन आणि सहा महिन्यांनी तीच श्वासतपासणी मंजूर झाली. फोन करायला सहापैकी दोघांना आठवड्यातून एक दिवस मोकळं ठेवलं. या लोकांचे आकडे चाचणीच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत, असं सरांनी तेवढ्यात इतिवृत्तात लिहून घेतलं.